चौथं गृहीतक

मला ऑफिसात 'चाळणी' म्हणतात. तोंडावर नाही, पण माझ्या कानावर येतं. त्याचा मला राग नाही, कामच तसं आहे. आमचं केंद्र अण्वस्त्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयांवर संशोधन करतं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर चौदा विद्वान बसतात आणि कोणाकडे किती बॉम्ब आहेत, ते कुठून कुठे पोचतील आणि पोचल्यावर काय होईल यावर लिहितात. लिहून झालं की ते माझ्याकडे येतं. मी एकेक तळटीप घेते, तिने सांगितलेलं पुस्तक उघडते, ते पान काढते आणि तिथे खरंच तसं लिहिलंय का ते बघते. नसेल तर कागद परत वर जातो. दहा वर्षं मी हेच करतेय. एरवी अत्यंत सभ्य असलेला माणूसही पान क्रमांक मात्र बिनधास्त ठोकून देतो, हे मी अनुभवाने सांगते.

या लोकांच्या भाषेची पहिल्या वर्षी मला भीती वाटायची, मग सवय झाली. चहात बिस्कीट बुडवत ही माणसं 'मर्यादित हानी' म्हणतात. मर्यादित म्हणजे किती, असं मी एकदा विचारलं होतं. एका डॉक्टरेटवाल्याने शांतपणे सांगितलं, चाळीस हजारांच्या आत. आणि बिस्कीट तुटून कपात पडलं म्हणून हळहळला.

आमचे सर, म्हणजे केंद्राचे संचालक, वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला उलटं वाटेल. मला नोकरी त्यांनीच दिली. शिपायाच्या मुलीची फी ते भरतात आणि कुणाला सांगत नाहीत. कुणावर आवाज चढवलेला मी बघितलेला नाही. त्यांचा आवाज चढत नाही हाच पुढे माझ्या संतापाचा विषय झाला.

तर झालं असं. पंचावन्न वर्षांपूर्वी उत्तरेच्या खोऱ्यात जमिनीवर तीन अणुचाचण्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांनी सरकारला जाग आली आणि एक समिती नेमली गेली. चाचणीच्या वेळी तीस किलोमीटरच्या आत जे राहत होते त्यांची नोंदवही करायची, आणि नोंदवहीत नाव असेल त्याची खास रुग्णालयात तपासणी, ऑपरेशन, औषधं, सगळं ताबडतोब. नाव नसेल त्याने सरकारी दवाखान्यात रांग लावायची. ती रांग दीड वर्षाची आहे. समितीने आमच्या केंद्राला अभिप्राय मागितला की मुळात त्या खोऱ्यात तेव्हा कुणी राहत होतं का. सरांनी स्वतः मसुदा लिहिला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'चाचणीच्या वेळी हे क्षेत्र निर्मनुष्य होते,' आणि त्याच्या शेपटाला सहा तळटीपा.

मी ते वाक्य वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. कारण माझी मावशी त्या खोऱ्यातली.

मावशी म्हणजे माझी आईच म्हणा. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आईच्या गळ्याला गाठ झाली होती, ती उमगेपर्यंत उशीर झाला. मावशीने लग्न केलं नव्हतं, तिने मला उचललं आणि वाढवलं, आणि पंधरा वर्षं कपड्यांच्या दुकानात मापं घेऊन मला शिकवलं. आता तिच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, पण दीड वर्ष नाही. खास रुग्णालयात झालं तर बरं. मावशीने समितीकडे अर्ज केला, तिला सुनावणीची तारीख मिळाली. तारखेला अकरा दिवस होते.

मी तशीच सरांकडे गेले आणि सरळ सांगितलं की सर, माझी मावशी तिथली आहे, तिचा अर्ज आहे, हा मसुदा मी तपासणं बरोबर दिसेल का. सर हसले. म्हणाले, मग तर तूच तपास, तुझ्याइतकं बारकाईने दुसरं कोण बघणार. आणि चष्मा पुसत म्हणाले की मावशीबाई लहान असतील तेव्हा, लहानपणीच्या आठवणीत जागा इकडच्या तिकडे होतात, मनाला लावून घेऊ नकोस. मी मान डोलावली. मला तेव्हा वाटलं, होतही असेल. इतकी मी भाबडी.

पहिली तळटीप एका जाडजूड ग्रंथाची होती. उघडला. त्यात वाक्य होतं, खोरं निर्मनुष्य, आणि पुरावा म्हणून एका परिषदेतला निबंध. तो निबंध काढला. त्यात एका अहवालाचा हवाला. दुसरी तळटीप त्याच अहवालाची. अहवालात पुन्हा दुसरं पुस्तक. तिसरी आणि चौथी तळटीप त्या पुस्तकाकडे. पाचवी पहिल्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीकडे. सहावी सरांच्याच एका लेखाकडे, आणि सरांचा लेख पुन्हा त्या अहवालाकडे. चार दिवस मी नुसती गरगर फिरत होते. एकाने दुसऱ्याचं बघून लिहायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि तिसऱ्याने मोठ्या तोंडाने सांगायचं की सर्व अभ्यासकांचं यावर एकमत आहे. सगळे मिळून मोजले तर एकेचाळीस कागद झाले. त्या एकेचाळिसांतला एकही माणूस खोऱ्यात पाऊल टाकून आलेला नव्हता.

पाचव्या दिवशी मला या सगळ्याचं मूळ सापडलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात, एक टंकलिखित प्रबंध. अडतीस वर्षांपूर्वीचा. विषय होता, चाचणीनंतर धूळ वाऱ्याने कुठवर जाते याचं गणित. बारावं पान म्हणजे गृहीतकांचा तक्ता. पहिलं गृहीतक, वारा एकाच दिशेचा. दुसरं, जमीन सपाट. तिसरं, पाऊस नाही. चौथं, वस्ती शून्य. आणि पुढे कंसात, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून.

आधी मला हसू आलं. म्हटलं, बघा, घोडं इथे पेंड खात होतं. गणित सुटावं म्हणून एका पोराने शून्य धरलं, दुसऱ्याने ते उचललं, आणि अडतीस वर्षांत त्या धरलेल्याचं सिद्ध झालेलं झालं. मग पहिलं पान उलटलं आणि प्रबंध कोणाचा ते बघितलं. आमच्या सरांचा.

मी पानाची झेरॉक्स काढली आणि रिक्षा करून थेट केंद्रात गेले. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं निम्मं इथे सांगण्यासारखं नाही.

सरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाले, बस. मी बसले नाही. ते मग आठवून आठवून सांगू लागले. तेव्हा संपूर्ण विद्यापीठात एकच गणकयंत्र, विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन तास मिळायचे. वस्तीचे आकडे घातले की गणित दोन तासांत संपेना. मार्गदर्शक म्हणाले, शून्य धर, तुला धुळीचं काढायचंय, माणसांचं नाही. त्यांनी शून्य धरलं. वर्षभराने एका मोठ्या माणसाने परिषदेत त्यांचा संदर्भ दिला की खोरं निर्मनुष्य असल्याचं अमुक यांनी दाखवून दिलं आहे.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, सर?" मी विचारलं.

"कळलं होतं." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव तळटीपेत छापलं होतं. मला आनंद झाला गं. मी आईला नेऊन दाखवलं ते पान."

मला क्षणभर त्यांची कीव आली. मग आठवलं, त्यांची आई पान बघायला जिवंत होती. प्रबंध झाला तेव्हा माझी आई एकोणीस वर्षांची होती आणि या पठ्ठ्याच्या तक्त्यात ती नव्हतीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, आता दुरुस्त करा. एक ओळ लिहायची आहे, की हा आकडा गणितासाठी धरला होता, मोजलेला नव्हता. सर म्हणाले, एवढं सोपं नाही ते. या एका आकड्यावर एकेचाळीस कामं उभी आहेत. त्यातलं एक आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या परिशिष्टात आहे. ते काढलं तर बाकीच्या आकड्यांवरही लोक शंका घेतील, केंद्राची विश्वासार्हता जाईल, आणि विश्वासार्हता गेली की निःशस्त्रीकरणाच्या कामालाच धक्का बसेल. म्हणजे माझ्या मावशीच्या गाठीवरून जगाची शांतता धोक्यात येणार होती. मग त्यांनी मधला मार्ग काढला. 'विरळ वस्तीची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही,' असं वाक्य घालू म्हणाले. आणि मला वाटत असेल तर मी स्वतंत्र निबंध लिहावा, तो तज्ज्ञांकडे जाईल, दोन वर्षांत छापून येईल.

"दोन वर्षांत ती मरेल, सर."

सरांनी झेरॉक्स माझ्याकडे परत सरकवली. मग अत्यंत मऊ आवाजात म्हणाले की त्यांना वाटतं, मी या प्रकरणात भावनेने गुंतले आहे. माझा हितसंबंध आहे. नियमाने ही फाईल माझ्याकडे राहणं योग्य होणार नाही.

बघा म्हणजे. माझा हितसंबंध. ज्या माणसाने शून्य धरलं, त्यावर डॉक्टर झाला, त्यावर नाव मिळवलं, त्याच शून्यावर आता समितीसमोर तज्ज्ञ म्हणून जाऊन बसणार, त्याचा हितसंबंध नाही. माझा आहे, कारण माझ्या मावशीला गळा आहे. मी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली. आपटली म्हणालात तरी चालेल.

घरी गेले तर मावशी स्वयंपाकघरात पातेली घासत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, शून्य म्हणजे कुणीच नाही? मी म्हटलं, कुणीच नाही. तिने हात पुसले, समोर बसली आणि म्हणाली, लिहून घे. मग तिने घरामागून घर सांगायला सुरुवात केली. पहिलं घर तिखट जिभेच्या आजीचं, तिच्याकडे चार माणसं. दुसरं लोहाराचं, सहा, त्यातला थोरला तोतरा. तिसरं तिचं स्वतःचं, आजी, आई, बाप, ती सात वर्षांची आणि धाकटी दोन वर्षांची, म्हणजे माझी आई. अकरा घरं सांगितली. त्रेचाळीस माणसं. कुठल्या घराचं दार कुरकुरायचं आणि कुठल्या घरात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं हेही सांगितलं, ते मी लिहिलं नाही.

आणि मग तिने एक गोष्ट सांगितली जी मला कधीच सांगितली नव्हती. पहिल्या चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी एक गाडी आली होती. पांढऱ्या अंगरख्यातली दोन माणसं उतरली. हातात डबा होता, तो जमिनीशी धरून ते आकडे लिहून घेत होते. उन्हाने त्यांचा जीव कासावीस झाला होता. मावशीने त्यांना तांब्यातून पाणी नेऊन दिलं. एक जण पाणी न्याहाळत राहिला, प्यायला नाही. दुसऱ्याने तिच्याकडे बघितलं, डबा तिच्या केसांजवळ नेला, आकडा लिहिला आणि पटकन गाडीत जाऊन बसला. कुणी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशी मावशीने तेच पाणी धाकटीला नेऊन पाजलं, कारण वाया कशाला घालवायचं.

मी त्या रात्री जेवले नाही. मावशी जेवली. म्हणाली, उपाशी राहून काय त्यांचं वाकडं होणार आहे.

सुनावणीची खोली लांबट होती, पंखा करकरत होता आणि टेबलावर बाटल्याच बाटल्या पाण्याच्या. समितीत तीन जण. मधल्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या, त्यांचे केस बारीक कापलेले आणि नजर स्वच्छ. एका बाजूला तज्ज्ञ म्हणून आमचे सर. मला नातेवाईक म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बोलायची परवानगी नाही असं सांगितलं. मग मी ती झेरॉक्स मावशीच्या हातात दिली.

मावशीने गळ्याला रुमाल बांधला होता. तिला विचारलं, तुम्ही तिथे राहत होता याचा पुरावा काय. तिने एक पिवळा पडलेला तुकडा काढला. देवीच्या लसीचं कार्ड. चाचणीच्या तीन वर्षं आधी एक फिरती परिचारिका खोऱ्यात येऊन गेली होती, तिने मुलांना टोचलं आणि कार्डावर वस्तीचं नाव लिहिलं. बाकीच्यांची कार्डं गेली, मावशीचं तिच्या आईने शिवणाच्या डब्यात जपलं म्हणून राहिलं. मग मावशीने सरांच्या प्रबंधाचं पान पुढे केलं. अध्यक्षबाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून सरांकडे बघितलं आणि विचारलं, हे आपलंच ना. सर उठून उभे राहिले. हो म्हणाले. तुम्ही तिथे गेला होता? नाही. कुणी मोजून सांगितलं होतं? नाही. सगळी उत्तरं एका शब्दाची. खोटं बोलले नाहीत एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मला वाटलं, जिंकलो. तासभर समिती आतल्या खोलीत बसली. बाहेर आली तेव्हा कारकुनाने निष्कर्ष वाचून दाखवला. क्षेत्र निर्मनुष्य असल्याचा पुरावा आढळत नाही. कागदपत्रांच्या आधारे क्षेत्रात रहिवासी असल्याचे सिद्ध होते. सिद्ध झालेली रहिवासी संख्या, एक. अर्जदाराने निष्कर्ष मान्य असल्याची सही करावी, म्हणजे नोंदवही पूर्ण झाली असे समजण्यात येईल आणि उपचार सोमवारपासून सुरू होतील.

सर मागे वळून माझ्याकडे झुकले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंखुरं. हळूच म्हणाले, "शून्यावरून एक. आमच्या शास्त्रात हे फार मोठं अंतर आहे."

देवा, मी त्या माणसाला तिथल्या तिथे बाटली का नाही फेकून मारली.

मावशीने कारकुनाला पुन्हा वाचायला लावलं. मग तिने विचारलं, नोंदवही पूर्ण झाली म्हणजे काय. अध्यक्षबाईंनी समजावलं की यानंतर त्या वस्तीतली नवीन नावं घेता येणार नाहीत, कारण इतर कुणाकडे कागद नाही. मावशी म्हणाली, माझ्याशिवाय आमच्यातली नऊ माणसं अजून जिवंत आहेत. कुणी कुठे, कुणी कुठे पांगलीत. त्यांच्यापैकी तिघांच्या गळ्याला हात लावून बघा. अध्यक्षबाई म्हणाल्या, ते आम्ही समजतो, पण त्यांची वस्ती सिद्ध होत नाही. मावशीने पेन हातात घेतलं होतं, ते तिने खाली ठेवलं.

मी नियम मोडला. मागून ओरडले, मावशी, सही कर, बाकीचं मी बघते. आधी गाठ काढू, मग भांडू.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. अध्यक्षबाईंना म्हणाली, "सात वर्षांची मी त्या खोऱ्यात एकटी राहत होते असं तुम्ही लिहिलंय. माझी धाकटी बहीण माझ्या कडेवर होती. ती हिची आई. तिला कुठे ठेवली तुम्ही?"

कारकुनाने निष्कर्षाचं पान उलटून बघितलं. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मला वाटतं मनापासून म्हणाल्या, की समिती कागदाने बांधलेली आहे. पण ज्या संशोधनावर हा विषय उभा राहिला, त्या केंद्राने जर आपला अभिप्राय लेखी दुरुस्त केला, तिथे वस्ती होती असं सहीनिशी दिलं, तर संपूर्ण वस्ती पुन्हा विचारात घेता येईल. पुढची बैठक तीन आठवड्यांनी. मावशी उठली, सरांसमोरून गेली आणि दाराबाहेर पडली. गाडीत बसल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. हट्टी म्हटलं, मूर्ख म्हटलं, मला पोरकं करायला निघाली आहेस म्हटलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तोतऱ्याचा फोन आहे का गं तुझ्याकडे?

दोन आठवडे गेले. केंद्रात माझ्याशी सगळे अदबीने वागत होते, म्हणजे टाळत होते. मग एके दिवशी सुधारित अभिप्राय माझ्या टेबलावर आला. हितसंबंध वगैरे ठीक, पण दुसरं कोण तपासणार, तपासणारी मी एकटीच. सरांनी पाच पानं नव्याने लिहिली होती. पद्धतीवर सुंदर चर्चा होती, जुन्या संशोधनाच्या मर्यादा होत्या, नम्रता तर ओसंडून वाहत होती. आणि शेवटी, पाचव्या पानावर, बारीक अक्षरात एक तळटीप. 'एकमेव सिद्ध रहिवाशाने निष्कर्ष मान्य करण्यास नकार दिला. सबब, अधिक पुरावा मिळेपर्यंत, प्रस्तुत विश्लेषणात वस्ती शून्य धरली आहे.'

मी ती तीनदा वाचली. मला वाटलं होतं मी ओरडेन, दार आपटेन, राजीनामा तोंडावर फेकेन. त्यातलं मी काहीच केलं नाही. मावशीला फोन केला आणि तळटीप वाचून दाखवली. ती म्हणाली, परवा त्यांना वेळ आहे का विचार. मी सरांच्या वहीत सकाळी अकराची वेळ लिहून टाकली. विषयाच्या रकान्यात लिहिलं, अधिक पुरावा.

अकराला ते आले. नऊ जण आणि मावशी. कुणी रात्रभर बसने प्रवास करून आलेलं, कुणी सुनेच्या खांद्याला धरून, एक बाई व्हीलचेअरवर. लोहाराचा थोरला आता ऐंशीला टेकलेला, अजून तोतरा. लिफ्ट बंद होती. व्हीलचेअर दोन विद्वानांनी उचलून वर आणली, त्यांना कळलंच नाही आपण काय उचलतोय. शिपाई खुर्च्या आणायला धावला, खुर्च्या पुरल्या नाहीत. जे बसले नाहीत ते भिंतीला टेकून उभे राहिले. जिन्याने सगळ्यांना दम लागला होता, आणि सरांच्या त्या गालिचा घातलेल्या खोलीत बराच वेळ फक्त धापा ऐकू येत होत्या.

सर उभे राहिले. मावशीला आपली खुर्ची देऊ लागले. ती नको म्हणाली. ते माझ्याकडे बघायला लागले, मी काहीतरी बोलून हे सोपं करेन म्हणून. मी दाराला पाठ टेकवून उभी राहिले.

"तुम्हाला मोजता येतं ना," मावशी म्हणाली. "मग मोजा."

सरांनी खोलीवरून नजर फिरवली. सवय होती त्यांना, एका नजरेत झालं. "दहा," म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचं पेन उचललं.

"असं नाही," मावशी म्हणाली. "एकेकाकडे बघून."

पेन हातात तसंच राहिलं. मला वाटलं ते काहीतरी समजावतील, पद्धत, मर्यादा, मऊ आवाजात. बाहेर जिन्यावर कुणीतरी हसत चाललं होतं, ते आवाज लांब गेले. मग सर टेबलाच्या या बाजूला आले, व्हीलचेअरवरच्या बाईसमोर जाऊन उभे राहिले. तिने गळ्यावरचा रुमाल सोडला आणि मान वर केली. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एक," सर म्हणाले.